रबरी बोटीसाठी जुनं आऊटबोर्ड इंजिन घ्यायचंय : काय बघू, कुठे फसेन?

खाजणवाट

नमस्कार मंडळी,

हवा भरायची एक बोट घेतली आहे. पीव्हीसीची, ३.२ मीटर लांब, खाली अ‍ॅल्युमिनियमच्या फळ्या, मागे आऊटबोर्ड, म्हणजे बाहेरून अडकवायचं इंजिन, लावायला प्लायवुडची उभी फळी. बोटीवरच्या पट्टीनुसार चार माणसं, ५०० किलो आणि जास्तीत जास्त १० एचपी. आतापर्यंत वल्ह्यांवर भागवलं, पण कर्लीच्या खाडीत ओहोटी लागली की वल्ही मारत वर घराकडे येणं ही शिक्षा आहे. घर नेरूरपारच्या जरा खाली, काठालाच. वापर साधा : मी आणि बायको, कधी भाचा, सकाळी गरी घेऊन दोन-तीन तास. फार तर देवबागपर्यंत. समुद्रात जायचं नाही.

नव्या इंजिनाचा भाव ऐकून गप्प बसलो. सध्या समोर आहे ते असं :

अ) देवबागकडच्या एका मच्छीमाराचं ८ एचपी टू-स्ट्रोक, जपानी. मालवणात जिकडेतिकडे दिसतं तसलंच. ४५,००० सांगतोय. ‘एकदम कंडिशनमध्ये, पहिल्या ओढीत चालू.’

आ) पुण्यातल्या एका काकांचं अडीच एचपी फोर-स्ट्रोक. धरणाच्या पाण्यात वापरलेलं, गेली काही वर्षं गॅरेजात उभं. ५५,०००.

इ) बॅटरीवरची ट्रोलिंग मोटर, नवी.

मोटरसायकल खोलून परत जोडतो, त्यामुळे पाना धरता येतो. पण पाण्यातल्या इंजिनाला कधी हात लावलेला नाही. बघायला जाताना काय बघू?

टिंगूळ

वल्हीच मारा. इंजिन घेऊन पोट कमी झाल्याचं ऐकिवात नाही.

लोखंड्या

भाव नंतर. आधी शाफ्ट, म्हणजे इंजिनापासून पंख्यापर्यंतचा पाय, किती लांब ते विचारा.

आऊटबोर्ड मुख्यतः दोन मापांत येतात. शॉर्ट शाफ्ट म्हणजे १५ इंच उंचीच्या फळीसाठी, लाँग म्हणजे २० इंचांसाठी. छोट्या रबरी बोटींच्या फळ्या बहुतेक १५ च्या असतात. मच्छीमारांच्या फायबरच्या होड्या उंच, म्हणून त्यांच्याकडची इंजिनं बहुधा लाँग. तुमचा ‘अ’ लाँग निघाला तर पंखा गरजेपेक्षा पाच इंच खोल जाणार. ओहोटीला खाडीत वाळूचे पट्टे वर येतात तिथे ते पाच इंच फार महाग पडतात. शिवाय पाय लांब असल्यामुळे पाणी उडतं, वळताना हँडल जड लागतं आणि फळीवर ओढ वाढते.

मोजायचं असं : क्लॅम्पचा कंस फळीच्या माथ्यावर जिथे टेकतो तिथून पंख्याच्या डोक्यावर जी आडवी पट्टी असते तिथपर्यंत. ती पट्टी बोटीच्या तळाच्या रेषेत, फार तर इंचभर खाली यायला हवी.

तुमची फळी आधी मोजा. आणि ती मोजताना स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. प्लाय आतून कुजलं असेल तर आवाज बद्द येतो. मग इंजिनाचा विचार नंतर.

खाजणवाट

मोजली. ३८ सेंटीमीटर, म्हणजे १५ इंच. ठोकून पाहिली, टणक आहे. ‘अ’वाल्याला फोन केला, तो म्हणतो “सगळ्यांक हीच बसता.”

पाणकोंबडी

मी ऑकलंडला असते. इथे अशा बोटी घरोघरी आहेत, त्यामुळे या विषयावर नवऱ्याशी पुरेसं भांडून झालंय.

माझं मत : रबरी बोटीला एचपीच्या आधी वजन बघा. ८ एचपीचं टू-स्ट्रोक साधारण २७ किलो भरतं. त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक दहाएक किलो जास्त. सुझुकी, यामाहा, टोहात्सूची अडीच-साडेतीन एचपीची फोर-स्ट्रोक १३ ते १९ किलोंत येतात. तुमचं इंजिन कायम बोटीवर राहणार नाही, रोज काढून घरात न्यावं लागणार. काठावरून घरापर्यंत पायऱ्या आहेत का? ओल्या पायऱ्यांवर २७ किलो एकट्याने, तेही बेढब आकाराचं, वर मूठ आणि खाली पातं. पन्नाशी ओलांडली असेल तर आत्ताच सांगा.

आता वेगाचं. अडीच एचपीवर ही बोट पाण्यावर उचलली जाणार नाही, पाणी कापतच जाईल. या लांबीच्या बोटीला अशा चालीत ताशी सात-आठ किलोमीटरपेक्षा जास्त मिळत नाही, मग थ्रॉटल कितीही पिळा. नाक वर करून पाण्यावरून घसरत जायचं असेल तर ढोबळ हिशोब एका एचपीला २०-२५ किलो. बोट, इंजिन, पेट्रोल आणि दोन मोठी माणसं मिळून सव्वादोनशे किलो होतातच, म्हणजे या हिशोबाने ८ एचपी दोघं असतानाही जरा कमीच पडतं. भाचा बसला की तर नाहीच. म्हणजे ‘अ’ घेऊनसुद्धा बऱ्याचदा चाल ‘आ’चीच राहील, फक्त पेट्रोल जास्त जाईल. पूर्ण थ्रॉटलला ८ चं टू-स्ट्रोक तासाला चारेक लिटर पितं, अडीचचं लिटरभर.

आणखी एक. फोर-स्ट्रोक आडवं ठेवायची बाजू ठरलेली असते, इंजिनावर तसं चित्र किंवा टेकू असतो. चुकीच्या कुशीवर झोपवलं तर ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं. विकणाऱ्याने ते गॅरेजात कसं ठेवलंय ते फोटो मागवून बघा. माणूस काळजी घेणारा आहे की नाही हे तेवढ्यावरून कळतं.

बाबल्या

अरे खाजणवाट, एचपी आनि शाफ्ट मगे. पयला सांग, तुझ्या बाजूक ता इंजिन खोलतलो कोण? टू-स्ट्रोक मालवणात कोणय खोलता. पंपाचा रबर, प्लग, कार्बोरेटरचो किट, सगळा बाजारात गावता. पुण्याच्या त्या अडीच एचपीचो एक गॅस्केट व्हयो झालो तर कुरियरची वाट बघत बसतलंस, तवसर पावस येतलो.

आनि एक सांगतंय. ‘अ’ बघूक गेलंस तर पंखो काढूक लाव. पंख्याच्या मागे शाफ्टाक जाळ्याचो दोरो गुंडाळलेलो असता. तो आत आत जाता आनि सील कापता. सील गेलो की गिअरात खारा पाणी. भायरसून काय एक दिसणा नाय.

लोखंड्या

बाबल्या बोलले ते लाखमोलाचं. आमच्याकडे धरणावरच्या इंजिनांना हा रोग नसतो, त्यामुळे मला सुचलंच नसतं.

निळंभोर

ट्रोलिंग मोटरला कोणीच विचारत नाही, म्हणून लिहितो. ५५ पौंड ढकल असलेली १२ व्होल्टची मोटर पूर्ण जोराने साधारण ५० अँपिअर घेते. १०० अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्मीच वापरावी, म्हणजे पूर्ण जोराचा एक तास. बॅटरीचं वजन पंचवीस-तीस किलो, म्हणजे वजनात काही वाचत नाही. लिथियमची निम्म्याहून हलकी, पण तिच्या पैशात जुनं इंजिन येईल. संथ पाण्यात, तलावात, पक्षी बघायला सुंदर. ओहोटीच्या विरुद्ध घरी यायचंय हे वाचल्यावर मी माझा हट्ट मागे घेतो.

म्हादई

कागदांचं कोणी बोललं नाही. इंजिन लागलं की ती यांत्रिक नौका झाली. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने १९१७ चा जुना कायदा गेला, आणि यांत्रिक नौकांची पाहणी व नोंदणी त्यात आहे. आमच्याकडे गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स, तुमच्याकडे महाराष्ट्र मेरिटाइम बोर्ड. मालवणला बंदर निरीक्षकांचं ऑफिस आहे, इंजिन घ्यायच्या आधी तिथे एक चक्कर मारा आणि हौशी वापराच्या एवढ्या छोट्या बोटीला काय काय लागेल ते तोंडावर विचारून घ्या. लोक नंतर जातात आणि मग तिथल्या बाकावर बसून राहतात.

‘अ’बद्दल खास : मच्छीमारांना इंजिनासाठी सरकारी अनुदान मिळतं. अनुदानातलं असेल तर मुदतीच्या आत विकायला परवानगी आहे का ते कागदावर बघा. पावती हवी, आणि पावतीवर इंजिनाचा नंबर हवा. नंबर क्लॅम्पच्या कंसावर पट्टीवर असतो. पट्टी खरवडलेली किंवा नवीन रिबिटं मारलेली दिसली तर नमस्कार करून निघायचं.

पाणकोंबडी

+१. बऱ्याच इंजिनांना तोच नंबर वरच्या ब्लॉकवर एका गोल धातूच्या टोपणावरही ठोकलेला असतो. दोन्ही जुळवून बघा. इथे आऊटबोर्ड चोरीला जायचं प्रमाण बरंच असल्याने आधी ते टोपण शोधायची सवय लागली आहे.

खाजणवाट

सगळ्यांचे आभार. पायऱ्या आहेत, आणि पन्नाशीही ओलांडली आहे. ;)

रविवारी ‘अ’ बघायला जातोय. लोखंड्या, बघायचा क्रम एकदा नीट लिहून द्याल का? मोबाईलवर उघडून समोर ठेवतो.

लोखंड्या

देतो. लांबेल.

पोचल्यावर पहिल्यांदा कव्हर काढायला लावा आणि सिलिंडरवर हात ठेवा. गार हवं. गरम असेल तर तुम्ही यायच्या आधी चालू करून ठेवलंय. गरम इंजिन कोणाचंही पहिल्या ओढीत चालू होतं. चहा घ्या, गार होऊ द्या.

तोवर आत बघा. बुडालेलं इंजिन ओळखायला फ्लायव्हीलच्या खाली आणि बोल्टांच्या खाचांत पांढरी पूड दिसते का, वायरींची टोकं हिरवी पडलीत का, हे बघायचं. मे २०२१ च्या तौक्ते वादळात देवगडला नांगरलेल्या होड्यांचंसुद्धा नुकसान झालं होतं. तुमच्या किनाऱ्यावर ‘हे कधी बुडालं होतं का’ हा प्रश्न सरळ विचारायचा, त्यात अपमान नाही. खाऱ्या पाण्यातलं इंजिन असूनही वरून चकचकीत नवा रंग असेल तर जास्त संशय घ्या. जस्ताचा तुकडा (अ‍ॅनोड) अर्धा खाल्लेला असेल तर उत्तम, तो त्याचं काम करतोय. त्याच्यावरच रंग मारला असेल तर इतकी वर्षं त्याच्याऐवजी इंजिन खाल्लं गेलंय.

प्लग दोन्ही काढा. दोन्हींचा रंग सारखा हवा. कोणाकडे कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं) मिळालं तर प्लगच्या वायरी ब्लॉकला टेकवून, थ्रॉटल पूर्ण उघडून, दोरी चार-पाचदा ओढा. आकडा गेजप्रमाणे बदलतो, त्याच्या मागे लागू नका. दोन सिलिंडरमधला फरक दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको, एवढंच.

मग खाली या. गिअरच्या डब्याला दोन स्क्रू असतात, वर आणि खाली. खालचा जरा ढिला करा. आधी पाणी आलं आणि मग ऑइल, तर सील गेलंय. ऑइल दुधी असेल तरी तेच. स्क्रूच्या टोकाला चुंबक असेल तर त्याला बारीक लव चालते, कण चालत नाहीत. बाबल्यांनी सांगितल्याप्रमाणे पंखा काढाच.

आता चालू करा, पाण्याच्या पिंपात किंवा सरळ होडीवर. कोरडं एक मिनिटही चालवू देऊ नका, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातलं रबर जळतं. पाण्याची धार मागच्या छोट्या भोकातून काही सेकंदांत यायला हवी. धार बारीक असेल तर लगेच पंप गेला असं समजू नका, भोकात गाळ किंवा मीठ बसलेलं असतं. तंगूस (गरीची नायलॉन दोरी) घालून साफ करून परत बघा. पंधरा मिनिटं चालू ठेवा. बोटाला धार कोमट लागली पाहिजे, चटका बसता कामा नये.

सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात महत्त्वाचं : पाण्यात, माणसं बसवून, पूर्ण थ्रॉटल. पिंपात सगळीच इंजिनं शहाणी असतात. आणि इंजिन बंद करायची ती लाल गुंडाळीची दोरी (चालवणाऱ्याने अंगाला अडकवायची) ओढून इंजिन बंद पडतं का ते बघा. नसेल पडत तर ती दुरुस्त झाल्याशिवाय घरी आणू नका. बायको-भाच्याला घेऊन जाणार आहात, तुम्ही पाण्यात पडलात आणि बोट फिरत राहिली तर पंखा तुमच्याकडेच येतो.

साळढोक

मध्येच एक शंका. आता सगळीकडे ई-२० (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल. जुन्या आऊटबोर्डला चालतं का?

लोखंड्या

बहुतेक कंपन्यांनी आऊटबोर्डसाठी इथेनॉलची मर्यादा १० टक्के लिहिलेली आहे, जुन्यांचं तर विचारूच नका. पण पंपावर जे मिळतं त्याच्यावरच लोकांचं चाललंय. त्रास चालवताना कमी आणि ठेवताना जास्त. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, कोकणात तर ओढायला पाणीच पाणी. काही आठवडे पडून राहिलेल्या टाकीत पाणी-इथेनॉलचा थर खाली बसतो, आणि टाकीतला पाइप खालूनच ओढतो. टू-स्ट्रोकमध्ये त्या खालच्या थरात ऑइल जवळजवळ नसतं, म्हणजे इंजिन कोरडंच फिरतं. तेव्हा लागेल तेवढंच पेट्रोल आणा, उरलेलं स्कूटरमध्ये ओता (ऑइल मिसळलेलं सोडून), आणि रोज शेवटी पेट्रोलचा पाइप काढून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवा. जुने रबरी पाइप आणि हातपंपाचा फुगा कडक किंवा चिकट झाले असतील तर बदला, त्यात फार पैसे जात नाहीत.

ऑइल मोटरसायकलचं २टी नको. ते हवेवर थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं हवं. ५०:१ म्हणजे पाच लिटरला १०० मिली.

बाबल्या

रॉकेलवरचा इंजिन कोण खपवूक बघीत तर नाय म्हण. यामाहाच्या मॉडेलचा नाव ‘ईके’नं सुरू झाला तर ता रॉकेलचा. पेट्रोलार चलता, पण जोर कमी. तुका तो उपद्व्याप कित्याक?

खाजणवाट

तर मंडळी, रविवारचा वृत्तान्त.

पोचलो तेव्हा इंजिन होडीवर लावलेलं, कव्हर गरम. “तुमच्यासाठीच चालू करून ठेवलंय.” मी हसलो, तोही हसला. चहा झाला, वर तळलेले बांगडे झाले. माणूस चांगला आहे, हे आधीच सांगतो. इंजिन विकायचं कारणही खरं होतं, मुलगा मोठ्या बोटीवर जातो आणि छोटी होडी आता चालवायला कोणी नाही.

गार झाल्यावर चौथ्या ओढीत चालू झालं. धार अगदी करंगळीएवढीही नाही, टपटप. तंगूस घातली तर भोकातून काळा गाळ आणि एक बारीक शिंपला निघाला, मग धार जोरात. प्लगांचा रंग सारखा. बुडाल्याची खूण कुठे दिसली नाही.

पंखा काढायला सांगितल्यावर त्याचा चेहरा जरा पडला. काढला. हिरव्या जाळ्याचा दोरा, चार-पाच वेढे, इतका घट्ट की सुरीच्या टोकाने कापून काढावा लागला. खालचा स्क्रू ढिला केला, ऑइल चहात दूध कमी पडल्यासारखं.

मग पाण्यात. त्याचीच होडी, आम्ही तिघं. अर्ध्या थ्रॉटलपर्यंत झकास. पूर्ण पिळला की इंजिनाचा आवाज चढतो पण होडी तेवढीच जाते. कमी केला की परत ठीक. तो म्हणाला प्रवाह आहे. प्रवाह होता, पण आमच्या बाजूने होता.

शाफ्ट लाँग. मोजला, २० च्या थोडा वरच.

३८,००० पर्यंत खाली आलाय. सील बदलून घ्यायला किती खर्च येईल? आणि तो आवाज चढायचा प्रकार काय आहे?

लोखंड्या

पंख्याच्या मधल्या बुशिंगचं रबर सुटलंय असं वाटतं. पंखा खडकाला आपटला तर गिअर वाचावा म्हणून पंखा आणि मधली नळी यांच्यात रबर दाबून बसवलेलं असतं. ते सुटलं की कमी जोरात धरून राहतं, जास्त जोर आला की घसरतं. पंखा उथळ असून हवा ओढत असेल तरी असाच आवाज चढतो, पण त्याच्याच होडीवर लाँग शाफ्ट बरोबर बसतोय, तेव्हा ते कारण नसावं.

खात्री करायला सोपा उपाय आहे. नेलपॉलिशने मधल्या नळीवरून पंख्यापर्यंत एक सरळ रेघ ओढायची, पूर्ण थ्रॉटलला एक फेरी मारायची, परत बघायचं. रेघ तुटून दोन तुकडे बाजूला सरकले असतील तर रबर सुटलंय. नवा पंखा टाकला की विषय संपला.

सील आणि पंखा दोन्ही दुरुस्त होण्यासारखं आहे, आणि इंजिन मुळात चांगलं दिसतंय. पण शाफ्ट तुमच्या बोटीला नाही.

खाजणवाट

फळीवर लाकूड चढवून उंची पाच इंच वाढवली तर?

पाणकोंबडी

नको! लाकडी किंवा फायबरच्या होडीवर करतात, रबरीवर नाही. तुमची फळी कापडावर नुसती डिंकाने चिकटवलेली आहे. इंजिन वर गेलं की तरफ वाढते आणि सगळा जोर त्या चिकटवलेल्या कडेवर येतो. त्यात पीव्हीसी, त्यात कोकणातलं ऊन. उन्हात काठावर ठेवताना हवा थोडी कमी करता ना?

खाजणवाट

करतो, शिकलो ते. मग ‘आ’?

बाबल्या

कुरियर.

लोखंड्या

‘आ’ कुठे आहे पुण्यात? मी चिंचवडला असतो. काकांचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, शनिवारी बघून येतो.

टिंगूळ

धाग्यावरून निघालेलं पथक प्रत्यक्ष गॅरेजात धडकतंय. फोटो पाहिजेत.

लोखंड्या

बघून आलो.

शॉर्ट शाफ्ट, नंबर जुळतात, पावती आहे, मालक एकच. इंजिन स्टँडवर उभं होतं, वर जुनी साडी झाकलेली. गोड्या पाण्यातलं आहे हे खरंच दिसतं, क्लॅम्पचे स्क्रू दोन बोटांनी फिरतात. खाऱ्या पाण्यातल्या जुन्या इंजिनाचे असे फिरत नाहीत.

चालू झालं नाही. अपेक्षाच नव्हती. टाकीत पेट्रोल तसंच सोडलेलं, उघडल्यावर वार्निशचा वास. काकांच्या परवानगीने कार्बोरेटर तिथेच खोलला, जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) पूर्ण बंद. साफ करून, नवं पेट्रोल घालून, नवा प्लग लावून पिंपात घातलं. तिसऱ्या ओढीत चालू. धार कमी होती, तंगूस घालूनही सुधारली नाही, म्हणून पंप उघडला. रबरी चक्राची पाती वर्षानुवर्षं एकाच बाजूला दबून तशीच वाकडी राहिली आहेत. ते बदलावंच लागेल. ऑइलची पातळी ठीक, रंग स्वच्छ. गिअरचं ऑइल स्वच्छ. बंद करायची दोरी चालते.

लक्षात ठेवायच्या गोष्टी : याला रिव्हर्स नाही. मागे यायचं तर अख्खं इंजिन गोल फिरवायचं, सवय होते. टाकी इंजिनातच, लिटरभराची, त्यामुळे जवळ कॅन आणि चाडी लागेल. खाडीत पेट्रोल ओतायचं ते बोट काठाला लावून, सिगरेट लांब ठेवून.

वल्ही बोटीतच राहू द्या.

काकांना म्हटलं, न चालणाऱ्या इंजिनाचे ५५ कोण देणार? ते ४२ वर आले. चालू होताना बघून परत ४५ म्हणायला लागले. ४२ वर धरून ठेवलंय.

साळढोक

चिखलाच्या खाडीत पंपाचं रबर लवकर झिजतं ना? होंडाचं २.३ एचपी हवेवर थंड होतं, त्यात पंपच नाही. ते मिळालं असतं तर?

लोखंड्या

खरंय, गाळात ते बरं. पण कानाला फार लागतं, आणि मिळायला हवं ना. जुन्या बाजारात आपण निवडत नाही, जे समोर येतं त्यातलं कमी वाईट उचलतो.

बाबल्या

घे तर मगे. पण पंपाची रबरा दोन घे, एक लाव, एक घरात ठेव. आनि खारा पाण्यातसून इल्यार गोड्या पाण्याच्या पिंपात धा मिनटां चलव, रोज. कंटाळो केलंस तर दोन वर्षात तुझा इंजिन ‘अ’ होतला.

आनि अडीच एचपीवर उधाणाच्या ओहोटीक देवबागच्या मुखाकडे जाव नको. थंय पाणी भायर ओढता आनि वारो आत मारता, लाट उभी रवता. भरतीबरोबर वर चल, ओहोटीबरोबर खाली. आमचे आजे शिडावर तसेच गेले.

खाजणवाट

घेतलं. ४२ ला. काकांनी स्टँड आणि ती साडीसुद्धा दिली. रबरं दोन मागवली आहेत (कुरियरनेच, बाबल्या 🙏). मालवणला बंदर निरीक्षकांकडे जाऊन फॉर्म आणलेत, बोटीची पावती आणि इंजिनाची पावती दोन्ही मागितल्या आहेत. लाइफ जॅकेट तीन आहेत, भाच्याच्या मापाचं वेगळं घ्यायचंय.

जूनमध्ये सगळं बांधून ठेवायच्या आधी इंजिनात आतून तेल फवारतात म्हणे, त्याबद्दल नंतर वेगळा धागा काढतो.

निळंभोर

अभिनंदन! एक विचारू का? ते देवबागचं ८ एचपी अजून आहे का? माझ्या भावाची फायबरची होडी आहे तारकर्लीला, फळी २० इंची. सील आणि पंखा आम्ही बदलून घेऊ.

खाजणवाट

असेल. व्यनि करतो. ३५ पासून बोलायला सुरुवात करा, आणि बांगडे नाही म्हणू नका.